कुत्रा अचानक वेगळंच वागायला लागला तर काय करायचं (आणि आम्ही काय चुका केल्या)

आमचा गोट्या सात वर्षांचा, अर्धा लॅब आणि अर्धा गल्लीतला, नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा लाडका. त्यानं एका सोमवारी सकाळी अप्पांवर दात काढले. अप्पा म्हणजे त्याचं दैवत, सकाळचं मारी बिस्कीट फक्त त्यांच्याच हातून खाणार, आणि त्यांनी रोजच्यासारखा गालावरून हात फिरवला तर हा गुरगुरला आणि हवेत चावलाच एकदम. घरात दोन मिनिटं कोणी बोलेना. मग सगळेच बोलायला लागले. आई म्हणाली नजर लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. शेजारचे काका म्हणाले पिसाळला असेल, बांधून ठेवा. एका ट्रेनरला बोलावलं तर तो म्हणे लाडावलाय, जमिनीवर दाबून धरा म्हणजे मालक कोण ते कळेल त्याला. पाच दिवस आम्ही त्याच्यावर ओरडत होतो. सहाव्या दिवशी उजव्या डोळ्याखाली सूज दिसली तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेला, वरची मोठी दाढ चिरलेली आणि मुळाशी पू झालेला. रविवारच्या मटणाच्या नळ्या आम्हीच कौतुकानं द्यायचो ना! दाढ काढली, आठवडाभरात गोट्या परत अप्पांच्या पायाशी.

ते पाच दिवस मला अजून टोचतात म्हणून हे लिहितेय. माझा आता एकच नियम आहे, वागणं महिनोन् महिने हळूहळू बदललं तर सवय, वय, घरातलं वातावरण वगैरे बघा, पण दोन-चार दिवसांत बदललं तर आधी शरीर बघायचं, स्वभावावर नंतर यायचं.

पहिल्या दिवशी

ओरडू नका, मारू नका आणि गुरगुरण्यावर शिक्षा तर अजिबात देऊ नका. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की इथं हात लावू नको. ते बंद पाडलंत तर पुढच्या वेळी न सांगता थेट चावेल, कारण सांगून काही उपयोग होत नाही हे तुम्हीच त्याला शिकवलंय. लहान मुलांना दोन दिवस त्याच्यापासून लांब ठेवा, झोपला असेल तर हलवून उठवू नका, लांबूनच नावानं हाक मारा.

मग मोबाईल काढा आणि लिहायला लागा. कधी सुरू झालं, त्याच्या आधी काय झालं, काय खाल्लं (घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, आजी-आजोबा गुपचूप काय देतात ते सगळ्यात शेवटी कळतं), पाणी किती प्यायला, सू किती वेळा आणि कुठल्या रंगाची, शी कशी, रात्री झोपला का. आणि व्हिडिओ काढा, हे फार महत्त्वाचं. कारण दवाखान्यात गेलं की ही मंडळी घाबरून इतकी सरळ वागतात की घरी तीन पायांवर चालणारा तिथं चारही पायांवर ऐटीत उभा राहतो, आणि आपण आपलं सांगत बसतो की नाही हो डॉक्टर, घरी खरंच लंगडत होता.

घरच्या घरी काय बघायचं

तो हात लावू देत असेल तरच. नसेल तर हे सगळं सोडा आणि सरळ दवाखाना गाठा, शूरपणा नको.

ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी पाहिजेत. बोटानं दाबल्यावर पांढरा डाग पडतो तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या पांढुरक्या, पिवळसर किंवा निळसर दिसल्या तर पुढचं काही वाचू नका, निघा. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघायचा. तो आधी नॉर्मल असताना एकदा बघून ठेवलेला बरा.) श्वास मोजायचा तर गाढ झोपलेला असताना पोट वर-खाली किती वेळा होतं ते मिनिटभर मोजा, ३०च्या आत असायला हवं. ताप नाक गरम-गार बघून कळत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, डिजिटल थर्मामीटरला थोडं खोबरेल तेल लावून शेपटीखालून घ्यायचा. कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. १०३च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर, १०४च्या वर गेला तर लगेच.

नंतर शेपटीकडून डोक्याकडे हळूहळू हात फिरवत या, दाबायचं नाही, नुसतं बघायचं की कुठं अंग आखडतो, कुठं मान वळवून हाताकडे बघतो, कुठं ओठ चाटतो. तिथं दुखतंय. कानाचा वास घ्या, आंबूस घाण वास म्हणजे इन्फेक्शन, पावसाळ्यात लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना हे हमखास होतं आणि मग डोक्याला हात लावला की चिडणारच ना तो. पंजाच्या बोटांमधे काटा, काच, गोचीड बघा. नीट दिसतंय का हे बघायची एक सोपी ट्रिक, कापसाचा बोळा त्याच्या समोर वरून खाली सोडा, आवाज होत नाही त्यामुळे नजर गेली तर दिसतंय. ज्याला दिसायला किंवा ऐकायला कमी येतं तो दचकून चावतो आणि आपण म्हणतो आक्रमक झाला.

या गोष्टीत सकाळची वाट बघायची नाही

फिट पाच मिनिटांच्या वर चालली किंवा २४ तासांत दोनदा आली. पोट फुगलंय, सारखा उलटीचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, एका जागी बसवत नाही, हे जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांत जास्त, पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथं खरोखर तासांचा हिशोब असतो. सू करायला पाय वर करतोय पण थेंब येत नाही. मागचे पाय अचानक गेले. तोंडातून लाळेच्या धारा आणि अंग थरथरतंय. साप चावल्याचा नुसता संशय आला तरी. यात घरगुती उपाय करत बसू नका.

फिट येत असताना तोंडात हात, चमचा, कांदा, चप्पल काहीही घालायचं नाही, फक्त आजूबाजूचं सामान सरकवा, लाईट-टीव्ही बंद करा आणि घड्याळ बघा. फिट गेल्यावर तो काही वेळ घरच्यांना ओळखत नाही, भिंतीला धडकतो, गोल गोल फिरतो, कधी अंगावर येतो. बऱ्याचदा फिट आपण झोपेत असताना येऊन गेलेली असते आणि सकाळी आपल्याला फक्त हे विचित्र वागणं दिसतं.

आता आपल्या नाशिकचं खास, द्राक्षं आणि कांदा

हे दोन्ही आपल्या जिल्ह्याचं वैभव आणि हे दोन्ही कुत्र्याला विष, काय नशीब बघा. सीझनला घरोघरी द्राक्षांच्या पेट्या, नातेवाईक पिंपळगावहून, दिंडोरीहून पाठवतात, लेकरं खाता खाता चार मणी खाली टाकतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी फेल होऊ शकते आणि किती खाल्लं तर चालतं असा आकडाच नाही, एखादा मूठभर खाऊन मजेत राहतो आणि एखादा थोडक्यात जातो. त्यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं अलीकडच्या काही वर्षांत पुढं आलंय, तेच चिंचेत पण असतं, त्यामुळे चिंचगुळाची आमटी पण नको. आधी साधारण दिवसभरात उलट्या, मग एकदम मलूल, खाणं बंद, आणि दोन-तीन दिवसांत सू कमी होत जाते. खाताना बघितलंत तर लक्षणांची वाट बघू नका, पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टरांनी उलटी करवली तर बरंच विष बाहेर पडतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्यानं वेगळंच दुखणं मागं लागतं.

कांद्याचं अजून फसवं आहे. तो रक्तातल्या लाल पेशी फोडतो आणि ते लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी कुत्रा जिन्यात धापा टाकायला लागतो, हिरड्या फिक्या, सू कॉफीसारखी, आणि तोवर रविवारची मिसळ कोणाच्या लक्षात पण नसते. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे-दोनशे ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे दोन मध्यम कांदे. कच्चा, तळलेला, वाटणातला, सगळं सारखंच, पावडर तर त्याहून कडक. आपल्या रश्शात कांदा किती असतो हे नाशिककरांना मी सांगायला नको! भाकरी रश्शात कुस्करून देणाऱ्या सगळ्या आज्यांना हे वाचून दाखवा प्लीज. लसूण तर वजनाच्या मानानं कांद्यापेक्षा जास्त कडक.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी अजून एक, फवारणी झाली की त्या दिवशी कुत्रा बागेत सोडू नका आणि पंपाचं, ड्रमचं पाणी त्याला पोचणार नाही असं ठेवा. फवाऱ्याचं विष अंगात गेलं तर लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, जुलाब असं दिसतं. डॉक्टरकडे जाताना औषधाचा डबा किंवा निदान लेबलचा फोटो सोबत न्या, उतारा त्यावरच ठरतो. आणि उंदराचं औषध खाल्लं तर बऱ्याचदा दोन-चार दिवस काहीच दिसत नाही, मग तो दमायला लागतो, खोकतो, नाकातून रक्त येतं, त्यामुळे गोदामात, दुकानात ते ठेवलं असेल तर आठवून डॉक्टरला सांगा. होळी-महाशिवरात्रीला झोकांड्या देत चालणारा, दचकणारा आणि जागच्या जागी सू गळणारा कुत्रा आला तर भांग विचारा. लाजू नका, डॉक्टर पोलीस नाहीत.

गोचीड

गोचीडतापाचे किस्से तर आमच्या बिल्डिंगमध्येच भरपूर. कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबला फिरायला नेलं तर एखादा गोचीड येणारच असं धरून चाला. चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी कुत्रा नुसता गप्प होतो. बॉल टाकला तर बघतो पण उठत नाही, आवडीचं चिकन हुंगून सोडतो, आणि लोकांना वाटतं उन्हामुळे असेल, ताई सासरी गेली म्हणून रुसलाय. मग ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, पोटावर लालजांभळे ठिपके, एका प्रकारात सू तांबडी. रक्ताच्या साध्या तपासणीत प्लेटलेट घसरलेल्या दिसतात. लवकर धरलं तर गोळ्यांनी बरा होतो पण कोर्स पूर्ण करायचा, बऱ्याचदा चार आठवड्यांचा असतो, आठ दिवसांत खायला लागला म्हणून बंद करू नका.

रोज फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मधे, पट्ट्याखाली, काखेत बघा. चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढायचा, काडी लावायची नाही, रॉकेल नाही, बोटांनी चिरडायचा नाही. आणि गायी-म्हशींचं गोचीडाचं औषध अंदाजानं बादलीत ओतून कुत्र्याला अंघोळ घालतात ते कृपा करून करू नका, त्यानंच थरथर आणि लाळ सुरू झालेली कुत्री मी दवाखान्यात बघितलीत.

पिसाळण्याबद्दल

काकांनी म्हटलं म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही, नीट विचार करायचा. रेबीजमध्ये पहिलं लक्षण वागण्यातला बदलच असतं, प्रेमळ कुत्रा कोपऱ्यात लपतो किंवा कधी जवळ न येणारा उगाच चिकटतो. मग आवाज बदलतो, गिळता येत नाही, लाळ, चाल अडखळते, आणि सगळेच काही धावून चावत नाहीत, काही नुसते सुस्त होऊन खालचा जबडा लोंबकळत बसतात. असं वाटतं की घशात हाड अडकलंय आणि माणूस कळवळून हात घालतो. घालू नका. लक्षणं दिसल्यावर कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत जातोच, त्यावर उपचार नाही.

त्यामुळे स्वतःला विचारा, लस वेळेवर झालीये का (तीन महिन्यांचा असताना पहिली आणि मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, आपल्याकडे बहुतेक दरवर्षी देतात), गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी मारामारी झाली का, मुंगूस, कोल्हा चावला का. लस चालू असेल तर शक्यता फार कमी. लस नसेल आणि शंका असेल तर त्याला एकटा खोलीत ठेवा, दार लावा, डॉक्टरला फोन करून मगच न्या. कोणाला चावला, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, त्याच दिवशी माणसाची लस सुरू करायची, सिव्हिलला मिळते. जखमेतून रक्त आलं असेल किंवा ती खोल असेल तर लसीसोबत जखमेत सीरम (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) पण लागतं, ते आठवणीनं विचारा.

सगळं नॉर्मल आहे, तरी घाबरतोय

मग आवाज. आपल्याकडे ढोल तर विचारू नका, नाशिक ढोल म्हणून जगभर नाव आणि त्या ढोलाच्या प्रॅक्टिसला गणपतीच्या आधीपासूनच सुरुवात. देवळाली-भगूरकडे राहणाऱ्यांना तोफखान्याच्या सरावाचे धमाके नवीन नाहीत पण तिकडे नुकत्याच राहायला गेलेल्या कुत्र्याला आहेत, आपल्याला काचा थरथरल्या की कळतं, त्याला बहुतेक त्याच्याही आधी. पलंगाखाली जाऊन बसला तर ओढून काढू नका, तिथंच गोधडी टाका, पंखा किंवा टीव्ही मोठा करा, जवळ बसा. जवळ घेतलं तर भीती वाढते असं म्हणतात ते खरं नाही, खुशाल घ्या. दिवाळीत दरवर्षी हाल होत असतील तर आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांशी बोला, त्यासाठी औषधं असतात, आपल्या झोपेच्या गोळीचा तुकडा हा पर्याय नाही.

एक किस्सा. मखमलाबादकडे माझ्या मावशीचा मळा, तिथला वाघ्या एकदा संध्याकाळनंतर अंगणात उतरेचना, दारात बसून एकाच दिशेला बघत कुंईकुंई. सगळे म्हणाले भुताटकी. तिसऱ्या दिवशी विहिरीजवळ बिबट्याचे ठसे. दारणाकाठच्या उसापासून गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत बिबट्या आपल्याकडे कुठंही निघतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं. त्यामुळे बाहेर राहणारा कुत्रा अचानक रात्री आत यायला रडतोय तर त्याला आत घ्या, साखळीला बांधून ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. ठसे दिसले तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर कळवा.

मादी असेल तर पाळीची तारीख आठवा. पाळीनंतर दोनेक महिन्यांनी काही जणी पिल्लं नसताना कोपरा उकरतात, चप्पल-खेळणी गोळा करून राखत बसतात, दूधसुद्धा येतं, ते बहुतेक आपोआप ओसरतं. पण पाळीनंतर एक-दोन महिन्यांत ती खूप पाणी पितेय, मलूल आहे, खालून घाण जातेय तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ते थांबण्यातलं नाही.

आणि म्हातारा असेल, दहा-अकराच्या पुढं, रात्रीचा घरभर हिंडतो, दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो, घरात सू करतो, भिंतीकडे बघत बसतो, तर माणसांसारखा विसराळूपणा त्यांनाही येतो. आधी किडनी, शुगर, सांधेदुखी बघून घ्यायची, मग रात्री छोटा दिवा चालू ठेवा, फर्निचर हलवू नका, फरशीवर सतरंजी टाका. पूर्ण बरं होत नाही पण डॉक्टरांच्या औषधानं रात्र बरी जाते, त्याची आणि आपली पण.

घरात नवं बाळ, कोणी पुण्याला नोकरीला गेलं, घर बदललं, हे पण होतंच. पण हे कारण शेवटी धरा, कारण ते सगळ्यात सोपं असतं आणि त्यामागे दाढ लपते.

दवाखान्यात

रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच फोन करून विचारून ठेवा, आणि मोठ्या कुत्र्याला रिक्षावाले घेत नाहीत त्यामुळे गाडी कोणाची मागायची तेही ठरवा. डॉक्टरला "चिडचिडा झालाय" एवढंच सांगू नका, "आठ दिवसांपूर्वी सोफ्यावर उडी मारायचा, आता पुढचे पाय ठेवून थांबतो" असं सांगा. कारण सापडत नसेल तर रक्ताची पूर्ण तपासणी, गोचीडतापासाठी स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते), किडनी-लिव्हर एवढं तरी करून घ्या, आणि भूल न देता तोंड नीट बघता येत नाही हेही लक्षात असू द्या, गोट्याची दाढ बाहेरून शाबूत वाटत होती. जाण्याआधी घरातली पेनकिलर देऊ नका, क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही नाही, आपल्याला किरकोळ वाटणारा डोस त्यांचं लिव्हर किंवा किडनी बिघडवतो.

सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तरच ट्रेनर. आणि जो पहिल्या भेटीत कुत्र्याची मान धरतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

गोट्या आता बरा आहे. नळ्या आमच्याकडे शिजल्या की थेट कचऱ्याच्या डब्यात जातात, आणि डब्याच्या झाकणावर अप्पांनी वीट ठेवलीये, कारण गोट्याला हा निर्णय अजून मान्य नाही.